चार चौकोनांचा लॅपटॉप

घानातल्या कुमासीत माणूस गेलं की रडायला अख्खी वस्ती येते, आणि रडून झालं की आपण कसे रडलो हे सगळ्यांना पडद्यावर बघायचं असतं. पोकुआचं पोट त्यावरच चालतं. ती अंत्यविधीच्या फिल्मा काढते. नवरा होता तोवर कॅमेरा तो धरायचा आणि ही त्याच्यामागून वायरी सांभाळत फिरायची. पुढे तो ताकोराडीला दुसरा संसार थाटून बसला. कॅमेरा तेवढा घरात राहिला. पोकुआने चार दिवस देवापुढे डोळे पुसले आणि पाचव्या दिवशी कॅमेरा खांद्यावर घेतला. पहिल्यांदा लोक कुजबुजले, बाईमाणूस शवपेटीच्या उशाशी कॅमेरा घेऊन उभी! नंतर विधवाच सांगू लागल्या, आम्हाला पोकुआच हवी. रडता रडता डोक्यावरचं फडकं सुटलं तर ती कॅमेरा दुसरीकडे वळवते, पुरुषांना ते सुचत नाही.

फिल्म काढणं तिला जड गेलं नाही. ती लॅपटॉपमधून बाहेर काढणं मात्र जिवावर यायचं. चित्रं जुळवली, मागे भजन घातलं, मृताचं नाव सोनेरी अक्षरांत टाकलं, की शेवटी ते सगळं एकजीव करून लॅपटॉप फिल्म बाहेर देतो. तिचा जुना लॅपटॉप दोन कोअरचा, म्हणजे आत राबणारे मेंदू दोनच. पत्र टाइप करायला, महिला मंडळाचा वृत्तांत लिहायला दोन कोअर भरपूर होतात, उगाच चाराच्या मागे लागू नये. पण फिल्म म्हणजे अंत्यविधीचा स्वयंपाक. दोनच बायका किती जणांसाठी कंद कांडून फुफू करणार? लॅपटॉप तापायचा, पंखा कोंडलेल्या मांजरासारखा ओरडायचा, आणि काम संपत आलं की नेमकी वीज जायची. बॅटरी तर केव्हाच मेलेली. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यातच ओफोरिवाआजींचे यजमान वारले. आजी चर्चमधल्या सगळ्यांत जुन्या. पोकुआच्या पडत्या काळात ताटावर ताट झाकून पाठवणाऱ्या. शनिवारी दफन, रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना, आणि सोमवारी आजींची मुलं परत हॅम्बुर्गला.

"रविवारीच दाखव ग बाई," आजी म्हणाल्या. "सोमवारी मी आणि रिकामं घर. सगळी लेकरं एका बाकावर बसून बापाचा निरोप बघताहेत, एवढं मला एकदा पाहू दे."

"दाखवते आजी. देवाशपथ दाखवते," पोकुआ बोलून गेली.

शनिवारच्या अंत्यविधीची फिल्म रविवारी सकाळी! जुन्या लॅपटॉपवर ते होणं नव्हतं. म्हणून मंगळवारी ती आडुमच्या गल्लीत एल्डर अमोआको यांच्या दुकानी गेली. अमोआको चर्चच्या पंचांतले. रविवारी पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या बाकावर बसणार, दानाची पेटी फिरवणार. परदेशात वापरून झालेले लॅपटॉप ते विकतात. आपला माणूस सोडून परक्याकडे कशाला जायचं, असं तिला वाटलं.

आता कुमासीतल्या फिल्मवाल्यांची एक रीत आहे. लॅपटॉप घेताना ते खोक्यावरचं काही वाचत नाहीत, चौकोन मोजतात. लॅपटॉपमध्ये एक पान उघडतं, त्यावर यंत्र किती राबतंय ते चौकोनांतून दिसतं. दोन चौकोन म्हणजे दोन कोअर, चार चौकोन म्हणजे चार. कुणी शिकवलं देव जाणे, पण सगळे तसंच करतात. पोकुआच्या जुन्या लॅपटॉपवर दोन चौकोन दिसायचे आणि कोअरही दोनच होते, त्यामुळे तिचाही रितीवर विश्वास.

"एल्डर, चार कोअरचाच ना?" तिने विचारलं.

अमोआकोंनी ते पान उघडलं आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "मी कशाला सांगू? तूच मोज."

तिने बोट लावून मोजले. चार. तिने पैसे दिले, जुना लॅपटॉप मात्र दिला नाही, तो मोडीत घ्यायला ते तयार असूनही.

तेवढी बुद्धी देवानेच दिली म्हणायची. बुधवारी तिने मागच्या एका अंत्यविधीची तीच फिल्म दोन्हींवर लावली, शेजारी शेजारी. नवीन धावत सुटेल आणि आपण त्याला ओवाळू, अशा थाटात ती बसली होती. जुनं ओरडत निघालं, नवीन चकचकीत पंख्यासह निघालं, आणि दोघं जवळजवळ हातात हात घालून चालले. शेवटी नवीन जिंकलं, पण केसाएवढ्या फरकाने. पोकुआने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग तिने ते चौकोनांचं पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चौकोनांच्या खाली बघितलं. तिथे बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. कोअर: दोन. त्याच्याखाली, यंत्र एकाच वेळी कामाचे किती धागे हाताळतं, ते: चार.

चौकोन त्या खालच्या आकड्याचे होते.

तिचे कान तापले. दोनच बायका, आणि प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक मुसळ! थोडं जास्त कांडून होईल, नाही कोण म्हणतं? पण चार मुसळं मोजून चार बायकांची मजुरी लावायची? आणि लावणारा कोण, तर जो रविवारी सकाळी हात वर करून "प्रभू, आम्हाला खरेपणाने चालव" म्हणतो!

गुरुवारी तिने दोन्ही लॅपटॉप डोक्यावरच्या टोपल्यात घातले आणि दुकान गाठलं.

"एल्डर, हा दोन कोअरचा आहे."

"अगं, चार चौकोन तू स्वतः मोजलेस."

"मी कोअर विचारले होते. तुम्ही चौकोन दाखवलेत."

"मग मी चार कोअर असं तोंडाने म्हणालो का? सांग, म्हणालो का?" अमोआको हसले. लहान मुलाला समजवावं तसे हसले, आणि ते हसणंच तिला झोंबलं. "पोकुआ, तू माझ्या बहिणीसारखी. घरी जा, प्रार्थना कर, राग शांत होईल."

"प्रार्थना करूनच आलेय."

तिने त्यांच्याच काउंटरवर दोन्ही लॅपटॉप उघडले, त्यांच्याच प्लगला लावले, तीच फिल्म सुरू केली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "या, बघा. हा जुना, दोन कोअरचा. हा नवा, एल्डरांच्या चार कोअरचा. कोण पुढे आहे तुम्हीच सांगा." गल्लीला एवढंच हवं होतं. समोर वाच्ये, म्हणजे चवळीभात, विकणारी राहिनातू तर भाताचा डाव हातात धरूनच आली.

"काय ग, शर्यत लागलीय होय?"

"दोन बायकांच्या हातात चार मुसळं देऊन चार बायका म्हणून विकल्यात मला."

राहिनातूने डाव कमरेवर टेकवला. "असं चालतं होय एल्डर? मग उद्यापासून मी पण एका अंड्याचे दोन तुकडे करून भातावर दोन अंडी म्हणून वाढते. मोजणारा मोजेल की!"

लोक खो खो हसले. एक गिऱ्हाईक हातातला लॅपटॉप परत ठेवून गुपचूप निघून गेलं. अमोआकोंचा चेहरा आंबला.

"बाई, माझा धंदा बसवशील तू."

"माझा धंदा रविवारी बसतोय. ओफोरिवाआजींना शब्द दिलाय मी. त्यांच्या मुलांना कुठून आणू सोमवारी? तुम्ही आणून द्याल?"

अमोआको आत गेले आणि कापडात गुंडाळलेला एक लॅपटॉप घेऊन आले. तो उघडला तर त्यावरही चार चौकोन. पोकुआने चौकोनांकडे बघितलंही नाही, खालची ओळ वाचली. कोअर: चार. म्हणजे होता! पहिल्यापासून घरात होता, कुणा बँकवाल्यासाठी राखून ठेवलेला. दिसायला अगदी तसाच, चौकोनही तितकेच. फरक फक्त त्या ओळीत, आणि तो या माणसाला पक्का माहीत होता.

"वरचे थोडे पैसे द्यावे लागतील हं," ते पुटपुटले.

"चार कोअरचे दिलेतच मी," ती म्हणाली, दोन कोअरचा नवा तिथेच सोडला आणि हा आपल्या जुन्याशेजारी टोपल्यात घातला.

शनिवारी दफन झालं. संध्याकाळी पोकुआने फिल्म जुळवली, यंत्राला कामाला लावलं, आणि पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करून, मासा आणि मक्याचं केंके खाऊन परत येते तर फिल्म तयार. पंख्याचा आवाज मांजराचा नव्हता, नुसता वाऱ्याचा होता. वीज त्यानंतर गेली. ती अंधारात बसून देवाचे आभार मानत राहिली, आणि अमोआकोंना क्षमा करायची असंही तिने तिथेच ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

रविवारी आजी मधोमध, दोन्हीकडे मुलं, सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. आजींनी पडदा थोडाच बघितला. त्या मुलांकडेच बघत होत्या. फिल्म संपली तेव्हा थोरल्याने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं होतं. पोकुआ कोपऱ्यात वायरी गुंडाळत होती, मन भरून आलं होतं.

तेवढ्यात सूचना सांगायला एल्डर अमोआको माइकवर आले.

"बंधूंनो, भगिनींनो, कालचा विधी आणि आजच फिल्म! हे कसं झालं? आपल्या पोकुआकडे चार कोअरचं यंत्र आहे. देवाच्या कृपेने ते माझ्याच दुकानातलं आहे. तरुणांनो, सोमवारी या, अजून आहेत."

टाळ्या पडल्या. पोकुआच्या हातातली वायर खाली पडली. आजींच्या दुःखावर उभं राहून दुकान मांडतो हा माणूस, देवाच्या घरात! क्षमेचा विचार कुठल्या कुठे गेला. ती तरातरा पुढे गेली. अमोआकोंना बाजूला सरकावं लागलं.

"खरं आहे, हे यंत्र एल्डरांचंच," ती माइकमध्ये म्हणाली. "मंगळवारी चार चौकोन दाखवून त्यांनी मला जे दिलं, तेही त्यांचंच. त्यात कोअर दोन निघाले. ते परत मांडलंय फळीवर. सोमवारी जाल तेव्हा चौकोन मोजू नका. त्याच्या खालची ओळ वाचा. आणि ज्यांनी आधीच घेतलेत त्यांनी घरी जाऊन वाचा."

अमोआको मान खाली घालून चष्मा पुसू लागले. गाणाऱ्यांच्या प्रमुखाने हात वर केला, पण गाणं सुरू होईना, कारण पाळक उठून बाजूच्या मेजापाशी गेले होते. तिथे चर्चचा नवा लॅपटॉप होता, वर्गणी काढून एल्डरांकडूनच घेतलेला. त्यांनी तो उघडला, वाकून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोकुआ, जरा इकडे ये. ती ओळ कुठे असते म्हणालीस?"