ताट रिकामं होईपर्यंत

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी माझं आणि आईचं कडाक्याचं वाजलं. कारण दरवर्षीचंच, उपास. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते आणि जुनी माणसं ती संपेपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. आईला मधुमेह आहे, रोज सकाळी इन्सुलिन लागतं, आणि डॉक्टरांनी उपासाला साफ मनाई केलेली. तिला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. तिची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

"एक दिवस नाही खाल्लं तं मरत नाही मी," ती म्हणाली.

"मरशीन," मी म्हणाले. मला बोलताना आवरत नाही.

तिचे हात आता थरथरतात, म्हणून इंजेक्शन मी देते. त्याचा एक नियम होता, तोही तिनेच घालून दिलेला. इन्सुलिन घेऊन खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते, म्हणून सुई टोचली की समोर बसायचं आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. त्या दिवशी मी सुई टोचली, तिच्यापुढे पोळी आणि वांग्याची भाजी ठेवली आणि उठले. मला भाषणाची तयारी करायची होती. वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांवर आमच्या मंडळीतले सात जण बोलतात, आणि माझा नंबर पहिल्यांदाच लागला होता. माझ्याकडे 'मला तहान लागली आहे' हा उद्गार होता. मी आरशासमोर उभी राहून तहानेवर हातवारे करत होते आणि तिकडे स्वयंपाकघरात आईने ताट तसंच झाकून ठेवलं. मी बाहेर आले तेव्हा ओटा लख्ख पुसलेला होता, खरकटं ताट कुठे दिसत नव्हतं.

"जेवली का?"

"चाल, उशीर होऊन राह्यला."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण माझ्या डोक्यात माझंच भाषण होतं.

अकोल्याचं एप्रिलचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चर्चमधले पंखे गरम हवाच इकडची तिकडे करत होते. आई बायकांच्या बाजूला, पुढच्या बाकावर, पांढऱ्या साडीत बसली होती. माझी पाळी आली. मी व्यासपीठावर गेले, सुरुवातीची वाक्यं बरी गेली, आणि मग माझी नजर तिच्याकडे गेली. सगळ्याच बायका माना खाली घालून बसल्या होत्या, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटत नव्हतं. पण आईच्या कानामागून घाम निथळत होता आणि एक हात मांडीवरून घसरून लोंबत होता. शेजारची बाई तिच्याकडे आदराने पाहत होती. तिला वाटलं असणार, म्हातारी प्रार्थनेत रमली.

मी पुढचं वाक्य बोलले. ते मला आजही टोचतं. मला दिसलं होतं, तरी मी आणखी एक वाक्य बोलले, कारण भरल्या चर्चमध्ये उपासना कशी मोडायची, लोक काय म्हणतील, हे आधी मनात आलं. मग तो लख्ख ओटा डोळ्यांपुढे आला आणि मी माईकवरच ओरडले.

"धरा तिला! जेवलेली नाही ती!"

मी पळत खाली आले. आईचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. कुणाकडे साखर आहे का, गोळी, बिस्किट, काहीही, मी विचारत सुटले. उपासाच्या दिवशी उपाशी लोकांच्या पिशवीत काय सापडणार? तेवढ्यात पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, आतल्या खोलीत धावले आणि एक बाटली घेऊन आले. ईस्टरच्या प्रभुभोजनात द्राक्षारस म्हणून सगळ्यांना द्यायला काळ्या मनुका साखरेत उकळून केलेला रस होता तो. आदल्या दिवशी आईनेच करून दिलेला.

"पाळकसाहेब, तो प्रभूच्या मेजाचा हाये," मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले.

"मंग कोनासाठी ठेवला तो?" म्हणत पाळकांनी झाकण उघडलंसुद्धा.

झाकणानेच थोडा थोडा रस मी तिच्या ओठांना लावत होते. पहिलं झाकण सगळं सांडलं, साडीवर काळपट डाग पसरला. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनांपैकी एकही मला आठवेना. "प्रभू, चूक माझी आहे, तिला नेऊ नको," एवढंच मी पुटपुटत होते. आणि मग तिचा गळा हलला. तिने गिळलं. पुन्हा दिला, पुन्हा गिळलं.

ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लागली. संध्याकाळी ती नीट शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं असेल? "भाषन झालं का तुयं?" मला रडू फुटलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

शनिवारी अमरावतीहून माझा मोठा भाऊ आला. आईला नुकतंच घरी सोडलं होतं. त्याने चप्पलही काढली नव्हती.

"सुई देऊन उठलीच काहून तू? आईचं तं वय झालं, तुले काय झालं होतं?"

खोटं काय होतं त्यात?

"उद्या मी तिले अमरावतीले घेऊन जातो. तुयी वहिनी पाहीन तिचं."

मी मान हलवली. पुन्हा हातात सुई घ्यायची नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आई जाणार, हे घर मोकळं होणार, आणि ते माझ्यामुळे होणार. पण निदान ती जिवंत तरी राहील.

रविवारी पहाटे ईस्टरची घंटा लांबून ऐकू आली. आम्ही कुणी गेलो नाही. आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. डॉक्टरांनी कमी करून दिलेली मात्रा मी भावाला समजावून सांगितली आणि इंजेक्शन त्याच्यापुढे धरलं.

"दादा, तू दे."

त्याने ते घेतलं आणि नुसतं पाहत राहिला. त्याने आयुष्यात कुणाला सुई टोचली नव्हती.

"त्याले नको देऊ," आई म्हणाली. "तू टोच."

"मायाच्यानं नाही होत, आई."

"ज्या शिष्यानं प्रभूचीच तीनदा ओयख नाकारली, त्याच्याच हाती प्रभूनं आपली मेंढरं सांभाळाले देली ना? मंग तू काय त्याच्याहून मोठी पापी लागून गेली?" मग ती म्हणाली, "आन चूक मायीबी होती. ताट मी झाकलं. देवाले खूश कराले गेली, आन पोरीले फसवलं."

तिने बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. मी एका हाताने तिचा दंड धरला, घट्ट, आणि दुसऱ्याने सुई टोचली. भीती गेली नव्हती, ती आजही रोज सकाळी असते.

मग मी ताट वाढलं आणि तिच्यासमोर बसले. ती सावकाश जेवत होती. मुद्दाम, असं मला वाटलं. भाऊ घड्याळ बघत म्हणाला, "आई, गाडी निघून जाईन."

"जाऊ दे. तुयी तू पकड, मले कुठी नाही जायाचं."

थोड्या वेळाने त्याने दारातली बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. आईने शेवटचा घास घेतला, ताट तिरपं करून मला दाखवलं आणि म्हणाली, "पाय, संपलं. ऊठ आता."

ताट रिकामं होतं. तरी मी उठले नाही.