अप्पांचं वायफाय

सुमेधाचा लॅपटॉप सकाळी परत लाल झाला. म्हणजे माझ्या स्क्रीनवर तिच्या नावापुढे लाल खूण आली: ऑफिसचा लॅपटॉप असुरक्षित नेटवर्कवर आहे. मी इथे बनारसमध्ये एका बँकेच्या ऑफिसात आयटी सांभाळते. सुमेधा आमच्या लोन विभागातली. पाय प्लास्टरमध्ये आणि घर मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, जिथे रिक्षा पोचत नाही. म्हणून तिला वर्क फ्रॉम होम मिळालं होतं.

"लॅपटॉप वापस ले आइए," आमचे मॅनेजर त्रिपाठीजी म्हणाले. मी एक दिवस मागून घेतला. लॅपटॉप गेला की तिला बिनपगारी सुट्टी घ्यावी लागणार होती, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

पंचगंगा घाटावर एका नाववाल्याला मी घर विचारलं. त्याने रस्ता सांगितला आणि न विचारता त्या घराच्या वायफायचा पासवर्डही सांगितला. दुखणं तिथेच कळलं.

सुमेधाचे सासरे अप्पा, पाठशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी पासवर्ड अख्ख्या गल्लीला वाटला होता. थकलेले यात्री ओट्यावर बसून गावी व्हिडिओ कॉल करत. त्यातल्या एखाद्याच्या फोनमध्ये व्हायरस असला, तर त्याच नेटवर्कवरून तो बँकेच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो. अप्पांना हे समजावून मी म्हटलं, पासवर्ड बदलू या.

अप्पा म्हणाले, "अगं, परवा सोलापूरची एक म्हातारी आली होती. इथे बसून तिने नातवाला गंगा दाखवली. तिला काय सांगायचं, बंद आहे म्हणून?"

सुमेधा हळूच म्हणाली की राहू दे, मी सुट्टी घेते. ते ऐकून अप्पांचं तोंड एवढंसं झालं.

मी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. राउटर म्हणजे घरभर इंटरनेट वाटणारा डबा. त्यात गेस्ट नेटवर्कची सोय निघाली. एकाच डब्यातून दोन वेगळी वायफाय; ओट्यावरच्या पाहुण्याला माजघर दिसत नाही, तसं. जुनं नाव आणि जुना पासवर्ड मी बाहेरच्या वायफायला दिला, म्हणजे गल्लीत कोणाचं काही अडणार नाही. आतल्याला नवं नाव, नवा पासवर्ड. राउटर उघडायचा पासवर्ड दुकानातून आला तसाच होता, तोही बदलला. सुमेधाने लॅपटॉप नव्याने जोडला. खूण हिरवी झाली. अप्पांनी स्वतः उठून चहा टाकला.

चहा पिताना मी त्यांचा फोन मागितला, आतल्या वायफायला जोडायला. त्यांनी तो खिशात टाकला.

"माझा बाहेरच्यावरच राहू दे. आतला पासवर्ड मला सांगूच नकोस. कोणी मागितला तर मला नाही म्हणता येत नाही."

सुमेधा इतकी हसली की प्लास्टरचा पाय धरून बसली.

पुढे त्रिपाठीजींनी घरून काम करणाऱ्या सगळ्यांनाच गेस्ट नेटवर्क करायला सांगितलं. सिक्युरिटीचं ट्रेनिंग मी पुष्कळ साहेबांना दिलं आहे. आपल्याला काय जमणार नाही हे आपणहून सांगणारा युजर मला आजवर तो एकच भेटला.