आईचं नाव कुसुम

३ मार्च. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी यायची होती, म्हणून तिसऱ्यांदा पायऱ्या झाडल्या. कुवेतची धूळ पिठासारखी, ओल्या फडक्याने निघते. ही राख काळी, खरखरीत. झाडू फिरवून वळेपर्यंत पुन्हा पडलेली. मागे ज्वालामुखी, पुढे समुद्र, मध्ये या बेटावरचं चार गल्ल्यांचं गाव. इथे खरं तर मृणालच्या आईने, सुमतीताईंनी, असायला हवं होतं.

सुमतीताई कुवेतमध्ये, सालमियात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळच्या रत्नागिरीच्या. पहिल्याच भेटीत, लिफ्टमध्ये, त्यांनी माझ्या हातातला अर्ज ओढून वाचला. "नवऱ्याच्या नावात एक ए जास्त पडलाय. आत्ताच बदल, नाहीतर इथे राहायचा परवाना, इकामा अडकेल." मग इमारतीतला कुठलाच अर्ज त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडेना. "अगो, माणूस चुकला तर माफी मागतो. कागद चुकला तर माणसालाच विमानातून उतरवतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मृणाल नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली. तिला दिवस गेल्याचं कळताच ताईंनी डिंक मागवला, बाळंतविडा शिवला, व्हिसाचा अर्ज भरला. तो नाकारला गेला. मृणालच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कुसुम; ताईंच्या पासपोर्टवर सुमती, म्हणजे कागदोपत्री त्या आई-लेक नव्हत्याच. ताईंचं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद करायला त्यांचे वडील गेले होते.

"बाबांनी आपलं हाकेचं नाव सांगितलं गो. लग्नात बदललेली सुमती कोण, ते त्यांना कुठं ठाऊक!" असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. गावाकडून दुरुस्त दाखला यायला महिने लागणार होते, आणि मृणालचे पंधरा दिवस उरले होते. सगळ्या इमारतीचे कागद तपासणाऱ्या बाईने लेकीचा दाखला कधी नीट वाचलाच नव्हता.

माझ्याकडे उन्हाळ्यातल्या सहलीचा याच देशाचा व्हिसा शिल्लक होता. लाडवांचा डबा माझ्या हातात देत ताई म्हणाल्या, "वंदने, तू जा. तुझे कागद बरे आहेत."

संध्याकाळी फोनवर त्यांना नात दाखवली. त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसतं कपाळ दिसत होतं.

"टाळूवर तेल घाल. अगो, थापू नको, जिरव! अस्सं... नाही. राहू दे, तुला नाही जमायचं."

खरंच जमत नव्हतं. मृणाल रडायला लागली. तिकडे ताईंचं कपाळही पडद्यावरून सरकलं. मी तेलाची वाटी धरून मध्ये उभी, दोघींच्याही उपयोगाची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या जावयाबरोबर नगरपालिकेत गेले. तो दिल्लीचा, बाळाच्या नोंदीत आईचं नाव त्याने रोमन अक्षरांत आपल्या उच्चाराप्रमाणे 'म्रिणाल' लिहिलं होतं. पासपोर्टवर 'म्रुणाल' आहे. मी तो अर्ज फाडला, दुसरा मागितला, आणि पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर त्याच्याकडून लिहून घेतलं.