लॅम्प लायटिंगआधीचा पेशंट

ती केस आठवली की आजही माझा हात आपोआप फोनकडे जातो, कुणाचा मिस्ड कॉल तर नाही ना बघायला. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा दिसतात. मी तिशीतली बाई आहे. बंदोबस्तात जीप उलटली, पाय कामातून गेला, वैद्यकीय कारणावरून नोकरी संपली. तेव्हा मी बंगळुरूत, महादेवपुऱ्याच्या बाजूला पीएसआय होते. घर चिकपेटचं, घरात मराठी. त्यामुळे ठाण्यात कुणी मराठी बोलणारं आलं की गेटवरचा शिपाई थेट माझ्याकडे पाठवायचा.

तशीच ती आली. बिदरकडची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची, कॉलेजच्या युनिफॉर्मवरच.

"मॅडम, माझी ज्युनियर कुठे आहे कळत नाही. आणि तिच्याकडे पेशंट आहे!"

मी म्हटलं, "नर्सिंगची मुलगी ना, मग पेशंट असणारच की."

"नाही मॅडम, ती फर्स्ट इयर आहे. तिचं अजून लॅम्प लायटिंगच झालं नाही!"

मला तरी कुठे माहीत होतं! तिनेच सांगितलं. नव्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, मोठा कार्यक्रम असतो कॉलेजात. तो होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. सगळं बाहुल्यावर शिकायचं.

या दोघींना एक ट्रस्ट शिकवत होता. गरीब घरच्या मुलींची फी, हॉस्टेल, पुस्तकं सगळं ट्रस्टचं. शिवाय प्रत्येक नव्या मुलीला एक सिनियर जोडून द्यायची पद्धत. तिने इंग्रजी समजावायचं, कन्नड शिकवायचं, रडली तर जवळ घ्यायचं. नव्या मुली तिला अक्काच म्हणतात. त्या दुपारी ज्युनियरचा अक्काला फोन आला होता, तोही कुजबुजत. "अक्का, आजोबांच्या गळ्यातल्या नळीतून खरखर येतेय. मशीनची नळी किती आत घालू?" ही सांगायला लागली आणि फोन कट. नंतर स्विच्ड ऑफ.

"तू कुठे आहेस, विचारलं नाहीस?"

"विचारलं ना मॅडम! म्हणाली, सांगितलं तर सीट जाईल."

आमचे हेड कॉन्स्टेबल अण्णा मागून म्हणाले, "कुणाबरोबर तरी पळाली असेल मॅडम. स्वल्प थांबूया, येईल."

"पळालेली पोरगी मशीनची नळी किती आत घालू असं विचारते का अण्णा?"

"सरी, बरोबर आहे," म्हणाले आणि टोपी घालून उभेच राहिले.

मिसिंगची नोंद केली, फोनचं लोकेशन मागवलं. सर्जापूर रोडचा टॉवर आला. आता सर्जापूर रोडला एका टॉवरखाली किती बिल्डिंगा, किती फ्लॅट! कुठलं दार वाजवायचं? अक्का तेवढ्यात हळूच म्हणाली, "मॅडम, गळ्यातली नळी कफाने चोंदली आणि मशीनने तो ओढून काढला नाही, तर माणूस गुदमरतो. आणि गळ्यात नळी असली की आवाज फुटत नाही. ओरडताही येत नाही त्यांना."

 

ट्रस्टच्या को-ऑर्डिनेटरला बोलावलं. मुलींना कुठे पाठवायचं ते हाच बघायचा. हसतच आला. अक्काला मी पार्टिशनच्या मागे बसवलं होतं.

"पोस्टिंगला आहे ती मॅडम, हॉस्पिटलमध्ये. उगाच टेन्शन घेताय."

मी पण हसले. "अच्छा! म्हणजे लॅम्प लायटिंग झालं वाटतं तिचं."

"झालं की! मी स्वतः होतो तिथे. सगळ्या पोरी रडल्या. मलाही भरून आलं."

नोकरीत एक बघितलंय मी. खोटं बोलणारा माणूस नुसतं हो म्हणून थांबत नाही, वर भरून आलेलं पण सांगतो. अक्काला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, "सर, कार्यक्रम तर अजून व्हायचाय. आम्ही आत्ता कुठे प्रॅक्टिस घेतोय."

त्याचं हसू गेलं. वकील पाहिजे म्हणाला. घ्या म्हटलं, पण त्याआधी एक ऐका. आत्ता तुमच्यावर फक्त फसवणूक आहे. तिकडे म्हातारा गुदमरला तर मृत्यूचं कलम लागेल, आणि तोवर तुम्ही इथे गप्प बसून होतात हे मीच डायरीत लिहीन.

 त्याने खिशात हात घातला आणि एक किल्ली काढून समोर ठेवली.

 पोरगी आत, कुलूप बाहेरून, आणि किल्ली इतका वेळ आमच्याच ठाण्यात!

जीपमध्ये त्याच्याकडूनच सगळं कळलं. फ्लॅट पुण्याहून आलेल्या आयटीतल्या एका मुलाचा, आजोबा त्याचे वडील. ट्रेन्ड नर्स म्हणून याने पैसे घेऊन पोरगी दिली होती. मुलगा कामासाठी परगावी, विश्वासाने किल्ली याच्याकडे. अँब्युलन्सला अण्णांनी वाटेतूनच फोन केला. ट्रॅफिक विचारू नका. अक्का मागे बसून तोच नंबर परत परत लावत होती. आणि गेटवर वॉचमन म्हणतो, "मॅडम, ओनरचं ॲपवर अप्रूवल इल्ला, नाही." अण्णांनी गेट स्वतःच उघडलं.

कुलूप काढलं. हाक मारली. आतून फक्त मशीनची घरघर. मला वाटलं, संपलं.

आतल्या खोलीत ती आजोबांना टेकवून बसवून पाठीला हात लावून होती. आजोबांचे ओठ निळसर, डोळे उघडे. मशीन चालू, पण नळी तिने नुसतीच हातात धरली होती; फोन बाजूला, चार्ज संपून बंद. आत घालायची हिंमत होईना. अक्का धावली, हात धुतले, हातमोजे चढवले, नळी घेतली. "मोज माझ्याबरोबर, मोठ्याने." दोघी मोजत होत्या. घाणेरडा आवाज झाला, आणि मग आजोबांनी श्वास घेतला.  आजोबा वाचले. अँब्युलन्सवाले म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

ठाण्यात आणल्यावर पाणी दिलं, बिस्किटं दिली. जबाब घ्यायला बसले तर पोरगी तोंडच उघडेना.

"नको अक्का. फी ट्रस्टची आहे. मी बोलले तर सीट जाईल. घरी आई सगळ्यांना सांगते, माझी नर्स होणारे."

मरणाच्या दारातून आली होती, आणि भीती कसली, तर सीटची! त्या माणसाला कुलपाची तरी कुठे गरज होती? दार उघडं असतं तरी ही गेली नसती. मदत मिळणाऱ्या माणसाला ती मदत जाण्याची केवढी भीती असते, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. आपण म्हणतो, हे लोक तक्रार का करत नाहीत. अहो, तक्रार केल्यावर उद्या कॉलेजला कोण पाठवणार, हे आधी सांगा ना त्यांना!

मी पेन खाली ठेवलं. कॉलेजच्या प्रिन्सिपल बाईंना आणि ट्रस्टच्या प्रमुखांना एकाच कॉलवर घेतलं, स्पीकर चालू केला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. प्रमुख म्हणाले, फी शेवटच्या वर्षापर्यंत आमची. प्रिन्सिपल म्हणाल्या, "सीट तुझीच आहे बाळा. सोमवारी वर्गात ये."

ती फोनजवळ सरकली. मग म्हणाली, "मॅडम, परत एकदा सांगाल?"

त्यांनी परत सांगितलं. तिने ओढणीने तोंड पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि माझं पेन उचलून माझ्याच हातात दिलं.

"लिहा अक्का."