मास्तरांचा माठ

उभ्या डोंबिवलीत आमच्या शेजारच्या मास्तरांइतकी काळजी कोणी केली नसेल, आणि तीही एका माठाची! मास्तर कल्याणच्या शाळेत शास्त्र शिकवत. त्यांच्या आईवेगळ्या सुमनला मधुमेह होता; रोज दोनदा इन्शुलिन टोचावं लागे. त्या पासष्ट सालच्या सुमारास आमच्या चाळीत फ्रीज कोणी पाहिलाही नव्हता, म्हणून ती बाटली डब्यात घालून एका वेगळ्या माठात ठेवलेली असे. शाळेत निघताना मास्तर माठाचा फडका भिजवत, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा भिजवायला परत येत. उन्हाळ्यात स्वतः घामाने निथळत ते माठाला वारा घालत.

कोणी हसलं की मास्तर सुमनची मण्यांची माळ पुढे करत. "इन्शुलिन हे प्रथिन, म्हणजे अशीच एक माळ. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. वीसेक तऱ्हेची. कोणाशेजारी कोण, त्यावर माळ कशी दुमडणार ते ठरतं, आणि दुमडेल तसं तिचं काम. उष्णता लागली की मणी तेच राहतात, पण घडी विसकटते. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होतं का?" अंड्याचं नाव निघालं की माझी आई तोंडाला पदर लावून आत जायची.

एका वैशाखात याच आईने, मदत म्हणून, तो माठ घासायला काढला, आणि बाटली घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली. देवघरात, पेटत्या समईला टेकून! मास्तरांनी येऊन ती उजेडात धरली. नितळ औषधात पांढरे कण तरंगत होते.

"अहो, देवापाशीच ठेवली होती हो," आई रडकुंडीला आली.

"जागा चांगलीच होती, वहिनी. ज्योत जवळ आली, एवढंच."

दुसरी बाटली नव्हती, आणि संध्याकाळचं इंजेक्शन व्हायचं होतं. मास्तर थर्मास घेऊन तसेच मुंबईला धावले. आई देवासमोरून हलेना. मी सुमनला दर पाच मिनिटांनी विचारत होतो, "बरी आहेस ना?"

"अरे, तू नको रे बाबांसारखं करू!" ती शेवटी ओरडली.

दिवेलागणीला मास्तर आले. थर्मास छातीशी, पायांत दोन वेगळ्या चपला. त्या दिवशी त्यांना कोणीही हसलं नाही.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. सुमन आता साठीची आहे. मध्ये तिच्याकडे गेलो, तर फ्रीजशेजारी ओल्या फडक्यातला माठ होता.

"आत काही नसतं रे," ती म्हणाली, "पण फडका भिजवल्याशिवाय मला घराबाहेर पडवत नाही."

निघताना मी हळूच हात लावून पाहिला. गार होता.