वन्संची पायवाट

शहापूरच्या दवाखान्यातून यांचा फोन आला तेव्हा मी वन्संसाठी पेज ढवळत होते. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मला रडू आलं नाही, राग आला. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, सुटल्या बिचाऱ्या... सुटल्या कसल्या? फाल्गुन लागला होता, मोहाची फुलं गळायला सुरुवात झाली होती. वन्संना सकाळच्या फेरीखेरीज कुठेही जायचं नव्हतं.

माझी ही थोरली नणंद नवऱ्याच्या माघारी शेणव्याला परतली आणि आमच्यातच राहिली. मी चालायची आळशी, पण उन्हाळ्याच्या तोंडावर त्या मला रोज ओढून न्यायच्या. करवंदीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं सापडलं की रोज त्याची विचारपूस. काटेसावरीचं जाडजूड लाल फूल माझ्या अंबाड्यात खोचायच्या, मी काढून टाकायचे, पुढच्या वळणावर दुसरं तयार! मोहाखाली वाडीतली बारकी नावाची बाई फुलं वेचत असायची. ती आणि वन्सं, दोघी उकिडव्या बसून साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या आणि मी ताटकळत उभी.

मग मोहाच्या वाटेतली मधली जमीन मुंबईच्या कुणा शेटने घेतली आणि पायवाटेवर तारेचं कुंपण आलं. वाडीच्या बायकांना मोहापर्यंत जायला डांबरी रस्त्याने केवढा तरी वळसा पडू लागला. वन्संनी पहिल्याच दिवशी साडी खोचली, तार उचलली आणि पलीकडे गेल्या. राखणीला वाडीतलाच गणपत होता. तो हात जोडायचा.

"आत्या, आज नका जाऊ. शेट आलाय."

"आलाय ना? मग त्याला सांग, आमीपन आलोय."

मी म्हटलं, वन्सं, कशाला नसती भांडणं, वळशाने जाऊ. तर माझ्यावरच फणकारल्या, "आपून वळसा घेतला तर बारकीला कोन सोडील गो?" खरंच होतं ते. त्यांच्यामागून बारकी जायची, बारकीमागून बाकीच्या, आणि गणपत कुणालाच अडवत नसे. पुढे त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी चालायला बंदी केली, तर वन्संनी त्यांनाच ओंजळभर मोहाची फुलं नेऊन दिली. या बाईला थांबवणार कोण...

गेल्या आठवड्यात बारकी दारात आली. "वयनी, आत्या गेल्या तं शेटनी आनखी एक तार मारली. गनपत आता सोडत नाय."

मी चपला घातल्या. तारेने हात खरचटला, पदर अडकून टर्रकन फाटला. गणपत मान खाली घालून उभा होता. शेट झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता, तो तरातरा आला.

"कोण तुम्ही? कुठे निघालात?"

त्या वाटेने मी आजवर कधी आपणहून गेले नव्हते. मागे वळून पाहिलं. बारकी तारेखालून येत होती, तिच्यामागे टोपल्या घेतलेल्या चौघी-पाचजणी.

"मी रोजचीच," म्हटलं, आणि चालत राहिले.