स्थलांतराचा दाखला

दुपारची भाकरी खाऊन झाली की रंगुबाई ट्रॉलीवर चढायची. अर्धी भरलेली ट्रॉली उसाच्या फडाच्या कडेला उभी असे आणि तिला फळी लावलेली असे. एरवी डोक्यावर मोळी घेऊन जिच्यावरून चढायचं, त्याच फळीवरून त्या वेळी ती मोकळ्या हातांनी वर जायची. मोळ्यांवर बसून प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाईल काढायची आणि जयाला, आपल्या मुलीला, फोन लावायची. कागल तालुक्यातल्या त्या शिवारात खाली रेंज नव्हती, वर होती. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, तोडणीचा हंगाम चालेल तितके दिवस, यात खंड पडत नसे.

फोनवर ती फारसं बोलायची नाही.

"जेवली का?"

"हो."

"कालवण काय केल्तं आत्यानं?"

एवढंच. मग नुसता वारा ऐकू यायचा. खालून टोळीतलं कुणीतरी ओरडायचं, "रंगुताई, उतरा आता. तुमच्या वजनानं ट्रॉली बसायची."

"तुझ्या बापाची हाय का ट्रॉली?" रंगुबाई वरूनच म्हणायची. आणि मग फोनमध्ये, हळू आवाजात, "ठेवते गं."

जया त्या वेळी पाथर्डीच्या कॉलेजात, लायब्ररीच्या मागच्या पायरीवर बसलेली असे. फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तो कानालाच असे.

तिसगावजवळच्या एका वस्तीवर त्यांचं घर. जया सहा वर्षांची असल्यापासून आई-वडील दरसाल ऊसतोडीला जायचे आणि ती मागे राहायची. आधी शाळेच्या हंगामी वसतिगृहात, मग छबू आत्याकडे. छबू आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिनं जयाला कधी काही कमी पडू दिलं नाही. ताप आला तर उशाशी बसली, कॉलेजच्या पहिल्या गॅदरिंगला जाताना पिन लावून ओढणी नीट करून दिली. पण ते सगळं करताना ती मधूनच म्हणे, "तुझी आई असती तर," आणि वाक्य तसंच सोडून देई.

जयाला हंगामातली आई माहीत होती ती दोन वेळची. निघायच्या गडबडीतली, पिठाचे डबे आणि अंथरुणं टेम्पोत चढवणारी. आणि पाडव्याला परत आलेली, दोन दिवस नुसती झोपणारी. मधल्या दिवसांतली आई कशी असते, कशी चालते, दुपारी कुणाशी बोलते, हे तिनं पाहिलेलं नव्हतं. फोटोही नव्हता. रंगुबाई म्हणायची, "फडात कसला फोटू काढायचा?"

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला जयाचा विषय भूगोल होता. एकदा प्रात्यक्षिकाच्या तासाला नकाशावर अंतरं मोजताना तिनं कोल्हापूर आणि कागल यांच्यामध्ये पट्टी ठेवली. पट्टीवर ते अंतर नखाएवढं आलं. कोल्हापूरला विद्यापीठ आहे, हे तिला तोवर परीक्षेतल्या एका गुणाच्या प्रश्नापुरतं माहीत होतं. त्या दिवशी ते तिला आईपासून एसटीनं तासाभरावरचं गाव म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशीच्या फोनवर तिनं सांगून टाकलं. "आई, मी तिसरं वर्ष कोल्हापूरला करणार आहे. विद्यापीठ बदलून मिळतं. दर रविवारी तुझ्याकडे येईन."



"हे काय खूळ? लोकाची पोरं शिकून फडातनं भायेर निघत्यात, अन् तू शिकून फडात येतीस व्हय?"

"फडात नाही. तुझ्याकडे."

"मी फडातच असती," रंगुबाई म्हणाली आणि खाली उतरली. त्यानंतर महिनाभर तो विषय तिनं काढला नाही. जयानं मात्र चौकशी सुरू ठेवली. कॉलेज बदलल्याचा दाखला लागणार होता, दोन वर्षांच्या गुणपत्रिका लागणार होत्या, दोन्हीकडचे अभ्यासक्रम जुळतात का ते पाहिलं जाणार होतं, आणि मुख्य म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट लागणार होतं. पाडव्यानंतर आई घरी आली तेव्हा जयानं छबू आत्यासमोर ही यादी वाचून दाखवली. रंगुबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. बाकीचं तिला कळलं नसावं, पण मायग्रेशन हा शब्द ऐकून तिनं मान वर केली.

"त्यो दाखला मी आणती," ती म्हणाली.

"तुला कुठं मिळणार?"

"मला न्हाई मिळणार तर कोनाला?"

जयाला वाटलं, आई थट्टा करतेय. पण चार दिवसांनी जया कॉलेजच्या ऑफिसात अर्ज घेऊन रांगेत उभी होती, तेव्हा मागून रंगुबाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, पायात वहाणा घालून, जीपनं एकटीच आली होती. पोरींच्या रांगेला वळसा घालून ती थेट खिडकीशी गेली आणि आतल्या आप्पासाहेबांपुढे तिनं एक कागद ठेवला.

आप्पासाहेब त्या खिडकीमागे वीस-बावीस वर्षं बसत होते. पोरं त्यांना भीत, पण बायामाणसांशी ते नीट बोलत. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्याचा होता. सदर कुटुंब दरवर्षी ऊसतोडणीच्या कामासाठी जिल्ह्याबाहेर स्थलांतर करते, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"मावशी, हे काय?"

"मायग्रेशन. पोरीला लागतंय ना."

खिडकीपाशी एक-दोघी हसल्या. आप्पासाहेबही हसले, पण त्यांनी कागद परत सरकवला नाही.

"मावशी, हे तुमचं मायग्रेशन. पोरीचं वेगळं असतं. ते विद्यापीठ देतं, अर्ज करावा लागतो."

"अवो, दर साली शाळेत साहेब यायचं, मायग्रेशनच्या पोरांची नावं लिहून न्यायचं. हिचं नाव असायचं त्यात. मग त्ये येगळं कसं?"

"तेव्हा तुम्ही जायचात, म्हणून हिचं नाव असायचं. आता हीच जाणार आहे. या विद्यापीठातनं त्या विद्यापीठात."

रंगुबाईनं खिडकीतल्या आपल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी आतापतोर हिचं मायग्रेशन झालंच न्हाई."

"नाही."

"खरंय. ही तर हितंच असती. आमीच जातो."

आप्पासाहेबांनी जयाचा अर्ज आत घेतला आणि कुठं सही राहिली ते पेन्सिलीनं खूण करून दाखवलं. रंगुबाईचा कागद त्यांनी तिला परत दिला, तेव्हा म्हणाले, "जपून ठेवा, शिष्यवृत्तीला लागेल."

परतताना जीपमध्ये मायलेकी चेपून बसल्या होत्या. जयानं विचारलं, "तू तर नको म्हणत होतीस."

"मी आजूनबी नकोच म्हणती," रंगुबाई म्हणाली. आणि तिसगाव येईपर्यंत तिनं जयाचं मनगट धरून ठेवलं होतं, गर्दीत लहान पोराचं धरावं तसं.

जुलैत जया कोल्हापूरला गेली. वसतिगृहाच्या खोलीत तिला खिडकीजवळची कॉट मिळाली. सोबतच्या पोरी तिच्या बोलण्यातला नगरी हेल ऐकून हसत, तीही त्यांच्या बोलण्याला हसे. अभ्यासक्रम तपासणारे सर म्हणाले, बाकी सगळं जुळतंय, फक्त कृषी भूगोलाचा पेपर इथं दुसऱ्या वर्षाला असतो, तो तुला वेगळा द्यावा लागेल. जयानं ते हसत मान्य केलं. पाऊस चालू होता, हंगामाला अजून तीन महिने होते आणि ती ते तीन महिने एकेक करून मागे टाकत होती.

दिवाळीनंतर लगेच परीक्षा होती. घरी यावं का, असं तिनं विचारलं, तेव्हा रंगुबाई म्हणाली, "कशाला येतीस? अभ्यास कर." जयाला ते पटलं. आता आईच तर येणार होती.

टोळी निघाली. त्या रविवारी जयानं विचारलं, "कुठल्या गावात उतरलात? मी येऊ?"

"थांब जरा. ऱ्हायाला कोपी तर बांधू दे."

पुढच्या रविवारी आई म्हणाली, "लई चिखल हाय." त्याच्या पुढच्या रविवारी फोनवर आवाज अगदी स्वच्छ येत होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. जया बोलत असताना मागून कुणी बाई म्हणाली, "रंगुताई, नेवाशाच्या बाजाराला येता का?"

"आई, नेवाशाला?"

"तुमी व्हा पुढं," रंगुबाई त्या बाईला म्हणाली.

"आई, तुम्ही कुठं आहात?"

"नेवाशाकडं हाय. मुकादमानं औंदा हिकडचा कारखाना धरला."

"कधी ठरलं हे?"

"पोळ्याला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझं नाव लागलं हुतं तिकडं. सांगितलं असतं तर माघारी आली असतीस."

आली असती, हे जयालाही माहीत होतं. ती वसतिगृहाच्या जिन्यात खाली बसली. घरापासून दीड-दोन तासांवर आई यंदा ऊस तोडत होती. इतक्या वर्षांत ती इतक्या जवळ कधीच आली नव्हती.

जानेवारीत कृषी भूगोलाचा पेपर झाला आणि दोन दिवस मोकळे मिळाले. जया रात्रभर एसटीत बसून सकाळी नेवासा फाट्यावर उतरली. वडील मोटारसायकल घेऊन आले होते. बजरंग मुळात कमी बोलणारा माणूस. "थंडी हाय," एवढं म्हणून त्यानं आपला मफलर तिला दिला.

फडाच्या कडेला पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या ओळीनं उभ्या होत्या. पलीकडे बाया मोळ्या बांधत होत्या. सगळ्यांनी लुगड्यावर पुरुषांचे लांब बाह्यांचे शर्ट घातले होते, डोक्याला फडकी गुंडाळली होती. जया एकेकीकडे पाहत चालली. एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, जयाची नजर तिच्यावरून पुढे गेली.

"हिकडं तिकडं बघतीस काय? मीच हाय," ती बाई म्हणाली.

शेजारणी हसल्या. रंगुबाईही हसली, पण लगेच फडकं सोडून केस सारखे करायला लागली. जयानं पुढे होऊन मोळीला हात लावला, तेव्हा तिनं तो चटकन बाजूला केला. "नको. पाचट कापतं. हात लिवायचं हायेत तुझं."

दुपारी कोपीसमोर तिनं चहा केला. जयासाठी शेजारणीकडून कानाचा कप मागून आणला होता. पाहुण्यासारखी तिला पोत्यावर बसवून ती स्वतः जमिनीवर बसली. जेवण, कालवण, फोनवरचंच सगळं दोघींनी विचारून घेतलं. मग बजरंगच म्हणाला, "कागलला हिनं शेताच्या मालकिणीकडं वसरी मागून ठेवली हुती. माझी पोरगी रव्वारी येईल, तिला अभ्यासाला बसाया जागा द्या म्हनून. म्हैनाभर मागं लागली हुती."

"कधी?" जयानं विचारलं.

"गेल्या साली. तू फोनवर म्हनलीस ना, त्याच आठवड्यात."

"तुमी गप बसा वो," रंगुबाई म्हणाली. "चा निवतोय तुमचा."

मग तिनं जयाला विचारलं, "तुझं तिकडं जुळतंय का?"

"पोरी चांगल्या आहेत."

"पोरींचं न्हाई. त्ये इषयाचं. तू म्हनली हुतीस, दोन्हीकडचं जुळवून बघत्यात."

"एक सोडून सगळं जुळलं. जो पेपर नाही जुळला तो परवा दिला."

"अवघड गेला?"

"नाही. सगळा उसावरच होता."

यावर रंगुबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. जयानं तिच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली पाठ तापलेली होती, आणि खांद्यापाशी, जिथे मोळीचा भार उतरतो, तिथे कडक गाठ लागली. जयानं हात तिथेच राहू दिला. रंगुबाईनं तो काढला नाही. ठसका थांबल्यावरही ती तशीच, थोडी मागे रेलून बसली.

"पाडव्याला येशील ना घरी?" तिनं विचारलं.

"परीक्षा असेल. मेमध्ये येईन."

"व्हय," रंगुबाई म्हणाली. "तवर आमी असतूच तिथं."

ऊन कलायच्या आत तिनं जयाला फाट्यावर आणलं. शर्ट काढून लुगडं झटकून आली होती. बसच्या पाटीवर अहिल्यानगर होतं, कंडक्टर नगर नगर म्हणून ओरडत होता. नगरला उतरून कोल्हापूरची गाडी धरायची होती. जयाला जागा मिळाली. शेजारी एक वयस्कर बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रंगुबाई बाहेरून खिडकीशी आली, टाचा उंचावून तिनं आत पाहिलं आणि जयाला नाही, त्या बाईंना म्हणाली, "मावशी, नगर आलं की हिला हलवा. हिला बसमधी झोप लागती."

"आई, मी आता नाही झोपत बसमध्ये."

"झोपती वो," रंगुबाई बाईंना म्हणाली. "लई गाढ झोपती. दोनदा हलवा."